सायलेन्सर आणि टोचन

यंत्राबरोबर शब्द येतो आणि यंत्र गावात रुळले की शब्दही रुळतो. मोटारीच्या पोटाखाली आडवा बसविलेला, इंजिनाचा आवाज शमविणारा जो लोखंडी डबा, त्याला अमेरिकेत ‘मफलर’ म्हणतात आणि ब्रिटनमध्ये ‘सायलेन्सर’. इंग्रजी अमलामुळे आपल्याकडे दुसरा शब्द स्थिरावला. ‘मफलर’ मात्र थंडीत गळ्याभोवती गुंडाळावयाच्या लोकरी पट्टीपुरता उरला. एका शब्दात गप्प करण्याचा अर्थ आहे, दुसऱ्यात गुंडाळून दाबण्याचा. वस्तुतः या डब्याचे काम दुसऱ्या अर्थाशी अधिक जुळते, कारण तो इंजिनाला मुके करीत नाही, त्याचा आवाज केवळ दबवितो.

‘टोचन’ हा असाच आणखी एक शब्द. बंद पडलेले वाहन दुसऱ्या वाहनामागे बांधून ओढत नेणे म्हणजे टोचन करणे. ‘टो-चेन’ हे त्याचे मूळ असावे, असे मला वाटते. आता साखळीऐवजी दोर किंवा दांडा असला तरी ते टोचनच राहिले आहे.

हे दोन्ही शब्द पावसाळ्याच्या तोंडावर आमच्या घरात एकत्र आले. धाकट्या भावाचा चरितार्थ एका जुन्या डिझेल पिकअपवर चालतो. चोर्ला घाटात अडकलेल्या मोटारी ओढून बेळगावच्या उद्यमबागेतील गॅरेजांपर्यंत आणणे हे त्याचे मुख्य काम. त्या पिकअपचा सायलेन्सर सांध्यापाशी गंजून फाटला. नवा कोणता बसवावा, हा वरवर क्षुल्लक वाटणारा प्रश्न होता. परंतु फाटक्या सांध्यातून निघणाऱ्या धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो. त्याला रंग नाही, वास नाही. पावसात काचा बंद करून, मागे भार घेऊन, पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये तासभर चढ चढणाऱ्या माणसाच्या केबिनमध्ये तो शिरला तर काय होईल, हे सांगावयास नको.

गंज बाहेरच्या चिखलाने येतो तसा आतूनही येतो. डिझेल जळताना पाण्याची वाफ निर्माण होते. थंड डब्यात ती थिजते आणि गाडी पुरेशी तापण्यापूर्वीच बंद झाली की ते पाणी तिथेच साचते. म्हणून पत्रा कोणता, हा पहिला प्रश्न. साधा पोलादी पत्रा स्वस्त, परंतु अल्पायुषी. अॅल्युमिनियमचा लेप दिलेला त्याहून टिकाऊ. स्टेनलेस सर्वांत टिकाऊ आणि सर्वांत महाग. आम्ही मधला मार्ग घेतला.

दुसरा प्रश्न रचनेचा होता. भावाचा ओढा सरळ नळीच्या सायलेन्सरकडे होता. त्यात छिद्रे पाडलेली एकच नळी आरपार जाते व तिच्याभोवती काचतंतूंचे अस्तर असते. त्याचे म्हणणे असे : “दादा, ओझं ओढताना इंजिनला श्वास मोकळा पाहिजे.” हे म्हणणे निराधार नव्हते. भाराखाली टर्बो इंजिनातून पुष्कळ उष्ण वायू बाहेर पडतो; त्याची वाट अडली की इंधन अधिक जळते आणि तापमान चढते. तथापि टर्बोचे चाक वायूचे धक्के आधीच काहीसे मवाळ करते, त्यामुळे योग्य मापाचा कप्प्यांचा सायलेन्सरही पुरेसा मोकळा असू शकतो.

याउलट सरळ नळीची अडचण नेमकी चढावरच जाणवते. चार सिलिंडरच्या इंजिनात दर फेऱ्यास दोन स्फोट होतात. मिनिटाला 1800 फेरे म्हणजे सेकंदाला 60 स्फोट. हा खर्जातला घुमार अस्तराने फारसा शोषला जात नाही. तो कप्प्यांत परतवून, लाटेवर लाट आदळवून मोडावा लागतो. शिवाय सततच्या उष्णतेने अस्तर झिजते आणि आवाज दिवसेंदिवस वाढत जातो. रात्री दोन वाजता गल्लीत शिरणाऱ्या गाडीचा हा घुमार शेजाऱ्यांनी का सोसावा? 1989 च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांतही सायलेन्सरची सक्ती आहेच. मेस्त्री हसून म्हणाले, “आवाज वाढला म्हणजे गाडी जास्त वढती, असं पोरांस्नी वाटतंय.”

तिसरा प्रश्न मापांचा. अडीच इंची नळीच्या जागी दोन इंची बसविली तर व्यास थोडाच घटल्यासारखा दिसतो. परंतु छेदाचे क्षेत्रफळ 64 टक्क्यांवर येते. म्हणून आम्ही मूळ नळीचा व्यास, डब्याची लांबी आणि दोन्ही तोंडांची जागा मोजून घेतली. झिजलेले टांगते रबर बदलले. टोचनाच्या गाडीत आणखी एक पथ्य आहे : शेपटीची नळी सरळ मागे सोडू नये. तिचा तप्त झोत नायलॉनच्या दोरावर वा मागच्या मोटारीच्या तोंडावर येतो. मेस्त्रींनी ती बाजूला वळविली. वेल्डिंगपूर्वी बॅटरीची तार सोडली, आणि शेवटी इंजिन चालू करून प्रत्येक सांध्याभोवती हात फिरवून गळती तपासली. आता केबिनमध्ये भावाला फोनवरचे बोलणे ऐकू येते, आणि चढावरची ओढही उणावलेली नाही.

मेस्त्रींच्या घरी कन्नड बोलतात, आमच्याशी ते मराठीत बोलत होते, आणि त्यांचा मदतनीस मध्येच उर्दूत उत्तर देत होता. ‘सायलेन्सर’, ‘टोचन’, ‘रबर’, ‘वेल्डिंग’ हे शब्द तिघांचेही होते; त्यावरून कोणाचे कोणाशी अडले नाही. ‘ध्वनिशामक’ असा प्रतिशब्द सुचविणाऱ्यांविषयी मला आदर आहे. पाठ्यपुस्तकात तो शोभेल. परंतु ज्या हाताला नळीची गळती कळते, त्या हाताचा शब्द आधी टिपून ठेवावा, असे मला वाटते. आपल्या गावातील गॅरेज, लेथ आणि भट्ट्यांमधले असे शब्द वाचकांनी अर्थासह लिहून ठेवावेत. कारागीर वयस्क होत आहेत. हे काम त्यांच्यापाशी बसूनच होईल.