पोटातला दोरा

आयरिश क्रोशाच्या लेसमध्ये गुलाब मिरवतो, शॅमरॉकची तीन पानं मिरवतात, द्राक्षाचा घडही मिरवतो. खरं काम करतो तो या सगळ्यांच्या पोटातून गेलेला जाडसर सुती दोरा. तयार लेस कितीही निरखून पाहा, हा तुमच्या नजरेला पडायचा नाही.

स्वभावाने अबोल, पण पक्का हट्टी. आपल्याकडचं क्रोशे हिशेबावर चालतं: इतक्या साखळ्या, त्यावर इतके खांब, मोजणी बरोबर तर रुमाल बरोबर. टीव्हीवरचे रुमाल आणि दारावरची तोरणं करून हात बसलेल्या बाईचीही इथे पंचाईत होते. मुके खांब साखळीत न घालता याच्या अंगावरून घालायचे. बारीक सुई, बारीक सूत, आणि डाव्या हाताच्या बोटांत हा. विणून झालेली पाकळी सुरुवातीला चपटी, मरगळलेली दिसते. मग याचं मोकळं टोक हळूच ओढायचं. टाके त्याच्यावरून सरकतात, जवळ येतात, पाकळीची कड आत वळते आणि ती उभी राहते. जास्त ओढलं तर आक्रसते, सैल सोडलं तर लोळते. नेमकं किती ओढायचं, ते आकड्यांत सांगता येत नाही; ज्याच्या त्याच्या हातावर आहे.

फुलाच्या मधल्या कड्यासाठी हाच पेन्सिलीभोवती आठ-दहा वेढे घेतो. ते अलगद उतरवून मुक्या खांबांनी गच्च झाकायचे. पानाच्या कडेने जाताना वळणावर त्याला जरा ताण दिला की पान आकार धरतं.

याचं नाव झालं ते वाईट दिवसांत. १८४५ पासून आयर्लंडात बटाट्यावर करपा पडला. पुढच्या काही वर्षांत सुमारे १० लाख माणसं भुकेने आणि रोगांनी गेली, जवळपास तितकीच देशोधडीला लागली. अशा वेळी कॉर्कजवळच्या ब्लॅकरॉक इथे उर्सुलाइन मठातल्या जोगिणींनी क्रोशे शिकवलं. क्लोन्स गावात १८४७ साली धर्मगुरूंच्या पत्नी कसँड्रा हँड यांनी. व्हेनिसच्या सुईच्या लेसचा उठाव क्रोशात आला तो या पोटातल्या दोऱ्याच्या जोरावर. व्हेनिसची लेस फार वेळखाऊ. क्रोशाची त्या मानाने झटपट व्हायची आणि घरात चार पैसे यायचे. एक घर गुलाबच करी, दुसरं पानंच, जोडणारी तिसरीच.

जोडताना फुलं-पानं नमुना काढलेल्या कापडावर उलटी टाचून मधली जाळी भरतात. त्या जाळीत क्लोन्सची गाठ असते: सुतावर मागेपुढे वेढे घेऊन सगळ्यांतून एकदम सूत ओढायचं. नवशिक्या तिचाच धसका घेतात. माझ्या मते उगाच. गाठ दहादा चुकली तरी अकराव्यांदा साधते, पण हा दोरा ओळखीचा झाल्याशिवाय गुलाब गुलाब दिसत नाही.

शिकायला बसणार असाल तर सुरुवातीला सूत जरा जाडच घ्या, टाके दिसतात तरी. आणि फूल पुरं झालं म्हणून याच्यावर लगेच कात्री चालवू नका. एकदा ओढून पाहा, आकार पटला की टोक टाक्यांत दडवा, मगच कापा.