बत्तीस दातांची करवत

प्राध्यापकाच्या हाताला शोभणारी हत्यारे दोनच: खडू आणि तांबडी पेन्सिल. चाळिशी उलटून गेली तरी मी तिसऱ्या हत्याराला हात लावला नव्हता. त्यामुळे 2021 सालच्या दिवाळीच्या सुटीत मी सवच्या घराच्या पडवीत लोखंड कापायला बसलो, तेव्हा रस्त्याने जाणारा प्रत्येक जण क्षणभर थांबून पाहू लागला. कुणी हसले नाही. पण न हसण्यासाठी त्यांना किती कष्ट पडत होते, हे मला दिसत होते.

सव हे महाडजवळचे, सावित्रीच्या काठचे गाव. बाहेरच्या लोकांना ते गरम पाण्याच्या झऱ्यांमुळे ठाऊक असते. आम्हांला मात्र गार पाण्याचीच धास्ती अधिक. सावित्री महाबळेश्वरी उगम पावते आणि पोलादपूर, महाड करीत बाणकोटच्या खाडीने समुद्राला मिळते. वर डोंगरात पाऊस कोसळत असावा आणि खाली समुद्राला भरती असावी, म्हणजे नदीने जायचे तरी कोठे? ती घरांत शिरते. 2005 च्या जुलैत शिरली होती. 22 जुलै 2021 रोजी पुन्हा शिरली. त्याच दिवशी आमच्या महाड तालुक्यातल्या तळिये गावावर दरड कोसळली आणि माणसेच्या माणसे गाडली गेली. त्यापुढे आमचे दुःख कुणाला सांगण्याजोगे नव्हते. आई शेजाऱ्यांच्या माडीवर सुखरूप होती. पाणी उतरले तेव्हा भिंतीवर बरोबर चार फुटांवर चिखलाची रेघ उमटलेली होती. वर्षाचे तांदूळ आंबून गेले होते, आणि ट्रंकेतल्या वडिलांच्या पत्रांचा लगदा झाला होता. आईने तो लगदा उन्हात घातला. दोन दिवसांनी तो वाळला; पण अक्षर एकही परत आले नाही.

तेव्हाच मी ठरवले, की आईसाठी एक भक्कम लोखंडी घडवंची करायची. तीही सहा फूट उंच! पाण्याच्या रेघेपेक्षा दोन फूट वर. सुतार मिळेना, वेल्डिंगवाल्यांकडे तर त्या वर्षी अख्ख्या महाडची दारे-खिडक्या रांगेत उभ्या होत्या. मग नटबोल्टने जोडायचे, भोके पाडलेले अँगल टेम्पोतून आणले. दहा फुटी पाच. फळ्या घरात होत्या. आता फक्त कापायचे तेवढे राहिले.

करवतही घरातच होती. वडिलांची, वाशाला टांगलेली, म्हणून पुरातून वाचलेली. मी ती खाली घेतली, मोठ्या आवेशाने अँगलवर ठेवली आणि ओढली. कर्रकन आवाज झाला आणि पात्याचे चार दात पडवीत पडले.

महाडच्या बाजारात हार्डवेअरच्या दुकानात जाऊन मी शुद्ध मराठीत म्हणालो, "लोखंड कापण्याच्या करवतीचे पाते हवे आहे."

दुकानदाराने क्षणभर माझ्याकडे पाहिले. "एक्सा ब्लेड ना, सर?"

हॅक्सॉचा 'एक्सा' कधी झाला, हे कोणत्याही व्युत्पत्तिकोशात मी वाचलेले नव्हते. पण तो शब्द चालतो. माझा चालला नाही.

"कापायचं काय आहे? जाडी किती?" त्याने विचारले.

हा प्रश्न मी स्वतःला विचारलाच नव्हता. करवत म्हणजे करवत, अशी माझी समजूत! त्याने चार पाती काढून समोर मांडली. सगळी बारा इंची, दिसायला भावंडांसारखी. फरक दातांचा. एका इंचात कुठे चौदा, कुठे अठरा, कुठे चोवीस, कुठे बत्तीस. नियम एवढाच, की पाते चालत असताना निदान तीन दात धातूवर टेकलेले असावेत. जाड, मऊ धातूला चौदा दात; कारण कीस साठायला दातांमध्ये जागा हवी. भरीव गजाला अठरा. बेताच्या जाडीच्या अँगलला, नळीला चोवीस. पातळ पत्र्याला आणि पातळ नळीला बत्तीस. माझा अँगल दोन मिलिमीटर जाडीचा, आणि वडिलांचे पाते अठरा दातांचे; म्हणजे दोन दातांत जवळजवळ दीड मिलिमीटरची फट. लोखंडाची कड त्या फटीत अडकली आणि दात गेले. वडिलांची करवत वाईट नव्हती. ती दुसऱ्या कामाची होती.

"नाहीतर सरळ मशीनच घ्या," दुकानदार म्हणाला. चौदा इंची घासचकतीचे यंत्र त्याने दाखवले. चकती मिनिटाला सुमारे 3,800 फेरे घेते आणि असा अँगल पाहता पाहता तोडते. रोज फाटके आणि जिने करणाऱ्याला ते हवेच. पण ते लोखंड कापते म्हणजे घासून जाळते; ठिणग्यांचा फवारा दूरवर उडतो, आणि आमच्या पडवीत भाताचा पेंढा रचलेला! शिवाय डोळ्यांना चष्मा, कानांना बोळे आणि चकतीवरचे झाकण, यांतले एकही टाळून चालत नाही. ठिणग्या न उडवता दातांनी सावकाश कापणारी पट्ट्याची करवतही असते. तिची किंमत ऐकून मी विषय बदलला. मला काप घालायचे होते अवघे आठ. आठ कापांसाठी यंत्र घेणे म्हणजे एका पत्रासाठी छापखाना काढणे. बत्तीस दातांची सहा पाती घेऊन मी घरी आलो.

पाते बसवण्यातही विद्या आहे. दातांची टोके मुठीपासून दूर, पुढच्या दिशेला हवीत. कारण ही करवत पुढे ढकलताना कापते, मागे ओढताना नाही. मी आधी ओढली होती, हे येथे कबूल करतो. पाते चांगले ताणून बसवावे. सैल राहिले तर ते पिळते आणि मोडते. अँगल बाकाला सी-क्लँपने आवळावा, आणि असा ठेवावा की पात्याखाली पातळ कड न येता रुंद बाजू येईल. म्हणजे अधिक दात टेकतात. खूण भोकावर येऊ देऊ नये. आधी कानशीने बारीक खाच पाडावी, म्हणजे पाते घसरत नाही. मग पुढे जाताना दाब द्यावा, मागे येताना हात हलका करावा, आणि पात्याची पूर्ण लांबी वापरावी. मिनिटाला चाळीस-पन्नास फेऱ्या पुरेत. घाई केली की पाते तापते आणि दात बोथट होतात. अर्ध्यावर पाते मोडले तर नवे पाते जुन्याच फटीत घालू नये. झिजलेल्या पात्याची फट अरुंद असते, नवे पाते तीत अडकून मोडते. अँगल फिरवून दुसऱ्या बाजूने काप सुरू करावा. हे शेवटचे वाक्य मला एका पात्याला पडले.

पण खरी अडचण पुढेच होती. सहा फुटांच्या खुणेवर मी कानशीने खाच पाडली आणि करवत उचलली, तोच आई उंबऱ्यात येऊन उभी राहिली.

"केवढी उंच करतोयस?"

"सहा फूट. पाणी आलं तरी काही भिजायचं नाही."

आई अँगलशेजारी येऊन उभी राहिली. तिने हात वर केला. बोटे खुणेपर्यंत पोचली. डबा काही पोचला नसता. "अरे, माझा हात तरी पोचेल का तिथे? कमरेएवढी कर. पूर एक दिवसाचा, तांदूळ रोज लागतात."

"पुराच्या वेळी शेजारची मुलं येतील, वर चढवून देतील."

"त्या दिवशी कोण कुणाकडे येतंय?" ती शांतपणे म्हणाली. "ज्याचं त्याचं घर बुडत असतं. माझ्या हाताला लागतं तेवढंच माझं वाचतं."

मी करवत खाली ठेवली. निबंधातले चुकलेले वाक्य खोडता येते. कापलेला अँगल पुन्हा लांब होत नाही. त्या रात्री मी पुष्कळ आकडेमोड केली. तीन फुटांवर ठेवावे तर पाणी गाठणार; सहा फुटांवर ठेवावे तर आईच गाठू शकणार नाही. पाण्यापासून वाचवलेली वस्तू तिच्यापासूनही वाचवल्यासारखी झाली असती.

सकाळी मी तिला भिंतीपाशी नेले आणि तांदळाचा पाच किलोचा डबा तिच्या हातात दिला. "किती वर ठेवता येतो, दाखव." तिने तो दोन्ही हातांनी उचलून डोळ्यांपर्यंत नेला. मी मोजले: साडेचार फूट. चिखलाच्या रेघेपेक्षा फक्त अर्धा फूट वर.

"आणि पाणी याच्याहून वर आलं तर?" मी विचारले.

"त्याच्याहून वर आलं तर मी काय डबे सांभाळत बसणार आहे? मी आधीच माडीवर गेलेली असेन."

यावर माझ्याजवळ उत्तर नव्हते. मी साडेचार फुटांचे पाय कापले. एक फळी तीन फुटांवर, रोजच्या डब्यांसाठी. दुसरी साडेचार फुटांवर, जुलैसाठी. आठ कापांचे बारा झाले, पण तेच पाच अँगल पुरले. बारा काप, तीन पाती आणि दोन दिवस. मोठी कोठी काढून टाकून पाच पाच किलोंचे डबे आणले, आणि घराची कागदपत्रे प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून उचलता येईल अशा एका डब्यात ठेवली. कापलेल्या कडा मी कानशीने घासून रंगवल्या, कारण आईचा पदर तिथून रोज जाणार होता.

वरची फळी रिकामी राहावी, असा माझा आग्रह होता. पुढच्या सुटीत गेलो तर तिच्यावर गणपतीचे मखर, दोन उशा आणि लोणच्याची बरणी! मी काही बोलण्याआधीच आई म्हणाली, "पाऊस लागला की उतरवते." आणि ती उतरवते. जूनच्या पहिल्या सरीबरोबर फळी पुसून ठेवते आणि मला फोन करून सांगते.

सहा फुटांची ती खाच मात्र एका पायाला अजून आहे. भरून टाकावी म्हणून मी लांबी आणली होती. पण राहू दिली. करवत पुन्हा वाशाला टांगली आहे. तिच्यात आता बत्तीस दातांचे पाते आहे, आणि दात पुढच्या दिशेला आहेत.