'टेहानू' न वाचताच

उर्सुला ल ग्विन यांच्या अर्थसी मालिकेतल्या पहिल्या तीन कादंबऱ्या मी शाळेत असताना वाचल्या. पेंग्विननं त्या तिन्ही एकाच जाड खंडात काढल्या होत्या. तो खंड पुण्यात जुन्या पुस्तकांच्या दुकानात मिळाला. शेकडो बेटं, शिडाच्या होड्या, वाऱ्याला बोलावणारे जादूगार आणि ज्याचं खरं नाव कळेल त्याच्यावर सत्ता चालते हा तिथला नियम. नायक गेड तांबूस सावळा. इंग्रजी पुस्तकातला नायक आपल्या रंगाचा असतो, हे मी तिथं पहिल्यांदा पाहिलं. तिसऱ्या कादंबरीत मृतांच्या देशातलं उघडं राहिलेलं दार बंद करताना गेडची सगळी शक्ती संपते आणि कॅलेसिन हा ड्रॅगन त्याला पाठीवर घेऊन निघून जातो. मालिका तिथंच संपली, असं मी धरून चाललो. मला ती तिथंच संपायला हवी होती.

चौथी कादंबरी 'टेहानू' १९९० साली आली. माझ्या हाती ती नोकरीला लागल्यावर पडली. ड्रॅगन गेडला गाँट बेटावर अर्धमेला आणून सोडतो. तो हळूहळू सावरतो, पण विद्या गेलेली असते. राजाचे लोक शोधत येतात तेव्हा तो शरमेनं लपून राहतो. माझा गेड लपून बसतो, हे मला सोसेना. मी पुस्तक मिटलं आणि कपाटात मागच्या रांगेत ठेवून दिलं.

एवढ्यावर थांबलो असतो तर गोष्ट माझ्यापुरती राहिली असती. पुढं आमच्या वाचनगटात एका निवृत्त शिक्षिकेनं 'टेहानू'वर बोलायचं ठरवलं. त्यांचं बोलणं नीट सुरू व्हायच्या आतच मी मध्ये पडलो. लेखिकेनं स्वतःच्याच नायकाचा घात केलाय, असं म्हणालो आणि बराच वेळ बोलत राहिलो. बाईंनी शांतपणे विचारलं, "पूर्ण वाचलंत ना?" मी "हो" म्हणालो. सगळ्यांच्या समोर, अजिबात न अडखळता. बाईंनी टिपणांची वही पिशवीत घातली. त्यानंतर गटात त्या येत राहिल्या, पण कुठल्या पुस्तकावर बोलायला मात्र कधी तयार झाल्या नाहीत.

जानेवारी २०१८ मध्ये ल ग्विन गेल्या. त्या आठवड्यात मी 'टेहानू' बाहेर काढलं आणि पहिल्या पानापासून वाचलं. ही टेनारची कादंबरी आहे. दुसऱ्या पुस्तकातल्या थडग्यांच्या अंधारातून बाहेर पडलेली ती मुलगी आता एका शेतकऱ्याची विधवा आहे. जाणूनबुजून आगीत टाकलेल्या एका मुलीला ती सांभाळते आहे. एक प्रसंग मी दोनदा वाचला. टेनारचा मुलगा स्पार्क बऱ्याच वर्षांनी समुद्रावरून परततो, जेवतो आणि आपलं ताट उचलत नाही. ते बायकांचं काम, असं त्याला वाटतं. याला वाढवताना आपण कुठं कमी पडलो, हे टेनारला त्या क्षणी कळतं. भांडी घासतो तो गेड. ज्याला मी दुबळा ठरवून मिटून टाकलं होतं, तोच. मला शौर्य फक्त जादूच्या काठीत दिसत होतं. घरात रोज कोण राबतं हे पुस्तकात आलं की मी त्याला कंटाळवाणं म्हणत होतो. टेनार तर दुसऱ्या पुस्तकाची नायिका, पण लहानपणी मी तेही पुस्तक गेडचंच म्हणून वाचलं होतं.

मी बाईंना फोन केला आणि खोटं बोललो होतो ते सांगितलं. त्या म्हणाल्या, "मला तेव्हाच कळलं होतं. शेवटी ड्रॅगन येतो तो गेडच्या हाकेनं, असं तुम्ही म्हणालात. गेडनं हाक मारलेलीच नाही. हाक मारते ती भाजलेली मुलगी."

मी शेवट अंदाजानं सांगितला होता, आणि त्या अंदाजातही हाक मारणारा पुरुषच होता. मी बाईंची माफी मागितली. पुढच्या बैठकीत गटासमोरही मागितली, कारण खोटं तिथंच बोललो होतो.

'टेहानू'च्या मुखपृष्ठावर हे अर्थसीचं शेवटचं पुस्तक असल्याचं छापलं होतं. लेखिकेचा तो अंदाज खरा ठरला नाही. २००१ साली एक कथासंग्रह आणि 'द अदर विंड' ही कादंबरी आली, आणि त्यांच्या मृत्यूनंतर २०१८ मध्येच 'फायरलाइट' ही गेडच्या अखेरच्या दिवसांची छोटी कथा. या वेळी मी सगळं क्रमानं वाचलं. 'द अदर विंड'मध्ये मृतांच्या देशाची दगडी भिंत पाडली जाते आणि तिथं अडकलेले मृत मोकळे होतात. बाईंना हे पटत नाही. ज्या देशाचं दार लावण्यासाठी गेडनं सर्वस्व दिलं, तो देशच मुळात चुकीनं उभा राहिला होता असं ठरवलं, तर त्याच्या त्यागाचं काय, असं त्या विचारतात. मला वाटतं, ते दार त्या वेळी लावायलाच हवं होतं आणि ती भिंत नंतर पडायलाच हवी होती. पुढच्या महिन्यात यावर बाई बोलणार आहेत. त्यांचं बोलणं संपल्याशिवाय मी तोंड उघडणार नाही.