पुरे

मराठीचा शिक्षक म्हणून तीसेक वर्षे मी मुलांना वाक्प्रचार शिकवीत आलो. पोटावरचे वाक्प्रचार फळ्यावर लिहायला घेतले की तास संपतो, यादी संपत नाही. दुसऱ्याचा अपराध पोटात घालावा, शेजाऱ्याचे बरे चाललेले पाहून पोटात दुखावे, मजुराचे पोट हातावर असावे आणि लेकराला लागले-खुपले की आईच्या पोटात कालवावे. आमच्या सीमाभागातली मुले यात लगेच कानडीची भर घालतात. मत्सराला कानडीत ‘होट्टेकिच्चु’ म्हणतात, म्हणजे पोटातली आग. या दोन्ही भाषांनी माणसाचे निम्मे मन पोटात ठेवले आहे असे मी मुलांना सांगत असे. त्याच पोटातल्या जठराचा सुमारे पाऊण भाग गेल्या मे महिन्यात शस्त्रवैद्यांनी माझ्या शरीरातून काढून टाकला. वजन उतरविण्याच्या या शस्त्रक्रियेला आता साडेचार महिने झाले. मन कितपत शाबूत राहिले, याचा हा थोडासा हिशेब.

आधी आकडे सांगतो, कारण भेटणारा प्रत्येक जण तेच विचारतो. शस्त्रक्रियेच्या दिवशी माझे वजन १२८ किलो होते, आज १०२ आहे. माझी उंची १६८ सेंटिमीटर. किलोतल्या वजनाला मीटरमधल्या उंचीच्या वर्गाने भागले की जो आकडा येतो, त्याला शरीरभार निर्देशांक म्हणतात. बेल्जियमच्या केटले नावाच्या गणितज्ञाने एकोणिसाव्या शतकात तो मांडला आणि १९७२ मध्ये अमेरिकेतील अँसेल कीज यांनी त्याला आजचे नाव दिले. माझा निर्देशांक ४५ होता, आता ३६ आहे. २०२२ च्या आंतरराष्ट्रीय शिफारशींप्रमाणे ३५ च्या पुढे, दुसरा आजार असो वा नसो, शस्त्रक्रिया सुचविली जाते. आपल्या आशियाई माणसांसाठी ही मर्यादा त्याहून बरीच खाली, २७.५ वर धरावी असे त्याच शिफारशी म्हणतात. माझ्याजवळ तर आजारांचीही कमतरता नव्हती. चौदा वर्षांचा मधुमेह होता, गुडघे कुरकुरत होते, आणि झोपेत श्वास अडकू नये म्हणून रात्री नाकावर यंत्राचा मुखवटा लावावा लागत होता.

“एवढे कापून घेण्यापेक्षा सकाळी चालायला जायचे होते,” असे सांगणारे हितचिंतक भेटतात. मी सकाळी चालत होतो. डाएटिशियनने लिहून दिलेले तक्ते पाळत होतो. वजन दहा किलो उतरे आणि वर्षभरात बारा किलोंनी परत येई. यामागचे शास्त्र समजले तेव्हा मनावरचे एक ओझे उतरले. आपल्या जठराच्या वरच्या फुगीर भागातून घ्रेलिन नावाचे एक संप्रेरक स्रवते. १९९९ मध्ये जपानी शास्त्रज्ञांनी ते शोधून काढले. पोट रिकामे झाले की ते रक्तात चढते आणि मेंदूला भुकेचा निरोप देते. माणूस कमी खाऊन वजन उतरवू लागला की हा निरोप्या आणखी जोरात दार ठोठावतो. माझ्या शस्त्रक्रियेत नेमका तो फुगीर भाग निघाला. पोटावर पाच लहान छिद्रे पाडून, दुर्बिणीतून बघत, स्टेपलरने टाके घालीत डॉक्टरांनी जठराची केळ्याएवढी नळी शिल्लक ठेवली. जागा कमी झाली आणि निरोप्याचा आवाजही बसला. पुढे तो थोडाफार परत येऊ शकतो, नळी सैल पडू शकते, दोन-तीन वर्षांनी वजन पुन्हा चढू शकते, हेही डॉक्टरांनी आधीच समजावून दिले आहे. म्हणून या लेखाला कोणी विजयाची बातमी समजू नये.

पहिले दोन आठवडे केवळ पातळ पदार्थांवर गेले. औषधाच्या बाटलीबरोबर मिळते तशा तीस मिलिलिटरच्या झाकणाने सौ. मुगाच्या वरणाचे गाळलेले पाणी मोजून देई. तेवढे संपवायला पंधरा मिनिटे लागत. मग कुस्करलेले, मग मऊ, आणि दोन महिन्यांनी साधे जेवण. जेवताना पाणी प्यायचे नाही, जेवणानंतरही अर्धा तास थांबायचे. आधी डाळ, पनीर, अंडे, म्हणजे दिवसाची साठ ग्रॅम प्रथिने भरली पाहिजेत. जागा उरली तर भाकरीचा चतकोर. ब-१२, लोह, कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्वाच्या गोळ्या आता जन्मभराच्या सोबती आहेत. तिसऱ्या आठवड्यात वजनाचा काटा अडून बसला आणि नऊ दिवस हलला नाही. हे बहुतेकांच्या वाट्याला येते असे डॉक्टर म्हणाले, तरी त्या नऊ रात्री मला झोप लागली नाही. अलीकडे केस गळू लागले आहेत. तेही अपेक्षितच आहे आणि नंतर थांबते म्हणतात. माझ्याकडे मुळात गळण्यासारखे फारसे नव्हते, ही गोष्ट वेगळी.

शरीराचे हे असे चालले आहे. खरी अडचण स्वयंपाकघरात आली.

आमच्या भागात माणूस माणसाला भेटला की पहिला प्रश्न जेवणाचा. समोरच्या घरातल्या कानडी अक्का फाटकातूनच विचारतात, “ऊटा आतेन्री, सर?” झाले म्हटले तरी वाटी येतेच. मराठी घरात तर आग्रह हा मायेचा व्याकरणशुद्ध प्रकार आहे. पाहुण्याने एकदा नको म्हणायचे, यजमानाने दोनदा वाढायचे. पानावर हात आडवा धरला तर तो बाजूला सारून वाढायचे. लग्नाला एकोणतीस वर्षे झाली, पण सौ.ने मला “तू मला आवडतोस” असे कधी म्हटल्याचे आठवत नाही. ती “अजून एक घ्या” म्हणत आली. मला ते नीट समजत होते.

आता मी चार घासांत पुरे म्हणतो. पहिल्यांदा साधे जेवण जेवलो त्या दिवशी तिने ताटात अर्धी भाकरी, वाटीभर पिठले आणि तव्यावरची मिरची वाढली होती. मी थांबलो तेव्हा निम्मे पिठले तसेच होते.

“बिघडलंय का काही?”

“नाही ग. छान झालंय. पुरे.”

ती काही बोलली नाही. भांडी घासताना मात्र म्हणाली, “मग आता मी रांधायचं कुणासाठी?” मुलगा हैदराबादला, मुलगी सासरी. या प्रश्नाला कोणत्याही डॉक्टरांच्या पुस्तकात उत्तर नव्हते.

आई तर ब्याऐंशी वर्षांची. तिला सगळे सांगितले तेव्हा तिने माझ्या पोटावरून हात फिरवला आणि म्हणाली, “मी भरवून वाढवलेलं पोट हे. डॉक्टरला काढून दिलंस होय रे?” तिचे माहेर जत तालुक्यातले. १९७२ च्या दुष्काळात ती मला कडेवर घेऊन माहेरी गेली होती. खडी फोडायला गेलेल्या भावजया संध्याकाळी परत येत तेव्हा चुलीवर काय असे आणि काय नसे, हे तिने मला अनेकदा सांगितले आहे. तेव्हापासून तिचे जेवण एका वाक्यावर चालत आले आहे: पानात आहे तोवर खाऊन घ्यावे. पुरे हा शब्द तिच्या पिढीला कधी परवडलाच नाही.

पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांचे काम मी वाचले ते आईच्या या वाक्यामुळे. २००४ मध्ये त्यांनी आणि लंडनच्या डॉ. जॉन युडकिन यांनी ‘लॅन्सेट’मध्ये स्वतःचाच दाखला छापला. दोघांचा निर्देशांक अगदी सारखा, २२.३. पण युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्या शरीरात २१.२ टक्के. याज्ञिकांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या खेड्यांतील गरोदर स्त्रियांचा आणि त्यांच्या मुलांचा अभ्यास केला. आपली बाळे इंग्लंडमधील बाळांपेक्षा वजनाने कमी, हातापायांनी काटकुळी, पण त्या मानाने चरबी राखून जन्माला येतात असे त्यांना आढळले. आईच्या गरोदरपणातील पोषणाचा बाळाच्या पुढच्या मधुमेहाशी संबंध असावा, अशी त्यांची मांडणी आहे. एका माणसाच्या ताटावरून त्याचा स्वभाव ठरविणाऱ्यांनी हे वाचायला हवे. माझ्या पोटात माझ्या एकट्याचीच भूक होती, असे मला आता वाटत नाही. तिच्यात कुणाचा तरी दुष्काळही होता.

आमच्या शाळेत दुपारचे जेवण मिळते. मुलांना वाढण्यापूर्वी शिक्षकाने ते चाखून वहीत सही करायची असा नियम आहे, आणि बहुतेक दिवशी हे काम माझ्याकडे असते. आजही मी चमचाभर भात आणि सांबार घेतो. तेवढ्याने माझी निम्मी जागा भरते. समोर मुले रांगेत उभी असतात. त्यांतली काही सकाळी नुसता चहा पिऊन आलेली आहेत हे चेहऱ्यावरून ओळखू येते. सातवा तास मोकळ्या पोटाने बसणारे मूल वेगळे आणि जेवून बसणारे वेगळे, हे कोणताही शिक्षक सांगेल. त्यांची भूक खणखणीत आहे आणि तिला अन्नाखेरीज दुसरा उपाय नाही. जून महिन्यात त्या रांगेसमोर उभे राहताना मला अवघडल्यासारखे झाले. एकाच आवारात एकाला भूक काढून टाकण्यासाठी पैसे मोजता येतात आणि दुसऱ्याला ती भागवण्यासाठी घंटेची वाट पाहावी लागते. या विचाराचे काय करावे ते मला अजून कळलेले नाही. एवढे खरे की आजकाल मी भाताची चव अधिक नीट घेतो, आणि मीठ कमी पडले असेल तर स्वयंपाकिणींना आधी सांगतो.

घरचा प्रश्न हळूहळू सुटतो आहे. श्रावणापासून सौ. दुप्पट रांधते आणि निम्मे डब्यातून समोरच्या अक्कांकडे जाते. त्यांच्याकडून रोट्टी आणि शेंगदाण्याची चटणी येते, तिच्यातले चिमूटभर मी खातो. गणपतीत आईने उकडीचा मोदक पुढे केला. मी अर्धा तोडला, सावकाश खाल्ला आणि हात आडवा धरला. आई थोडा वेळ पाहत राहिली. मग उरलेला अर्धा तिने स्वतःच्या तोंडात टाकला आणि शेजारी बसलेल्या अक्कांना म्हणाली, “साकु म्हणतोय तो. साकु तर साकु.” पुरे या शब्दाला तिने कानडीतून परवानगी दिली. मराठीतून देणे बहुधा तिला जड गेले असते.

इन्सुलिन सध्या बंद आहे, गोळी एकच उरली आहे. मधुमेह गेला असे डॉक्टर म्हणत नाहीत, उतरला आहे म्हणतात. रात्रीचा मुखवटा अजून आहे. वर्षअखेरीस पुन्हा तपासणी आहे.

आमच्या शाळेतले दहावीचे वर्ग वरच्या मजल्यावर भरतात. गुडघ्यांमुळे सहा वर्षे माझे सगळे तास तळमजल्यावर लावलेले होते. ऑगस्टमध्ये वेळापत्रक बदलले तेव्हा दहावी ‘ब’चा मराठीचा तास मी माझ्याकडे घेतला. जिन्याला बावीस पायऱ्या आहेत. चौदाव्या पायरीवर मी अजून क्षणभर थांबतो.