काल रात्री झोपलास का?

विसरवाडीत अ‍ॅपवर गाडी मागवता येत नाही. इथे गाडी लागली की आधी माणसं आठवावी लागतात. कोणाकडे बोलेरो आहे, कोणाची इको आज मोकळी असेल, कोणाचा मुलगा सध्या सुरतच्या फेऱ्या करतोय. गाव सुरत-धुळे महामार्गावर आहे, त्यामुळे दारासमोरून रात्रंदिवस वाहनं पळतात, पण त्यातलं आपल्यासाठी थांबणारं फार थोडं. दिवसा एसटी आहे, काळी-पिवळी आहे. रेल्वे हवी तर खांडबारा किंवा नवापूर गाठायचं. अंधार पडला की मात्र ओळखीच्या गाडीवाल्याशिवाय पर्याय राहत नाही.

आईच्या केमोथेरपीसाठी आम्हाला सुरतेला जावं लागतं. आमच्या नवापूर तालुक्यातल्या लोकांना मोठ्या दुखण्याला सुरतच जवळची वाटते. केमो झाल्यावर आईला मळमळ सुटते, अंगात त्राण नसतं, आणि डॉक्टरांनी गर्दीत नेऊ नका असं बजावलेलं. त्यामुळे तापी लाइनची पॅसेंजर बाद आणि एसटीही बाद. आमच्या ओळखीचे एक काका आहेत. त्यांची गाडी आम्ही ठरवतो. ते दारू पीत नाहीत, गाडी बेताने चालवतात, आईला धरून पायरी चढवतात. उशीर झाला तर आमच्याआधी आमच्या घरच्यांना तेच फोन करतात. आईचा त्यांच्यावर जेवढा विश्वास आहे तेवढा डॉक्टरांवरही नसावा.

तपासण्यांसाठी राहावं लागलं की काका परत जातात आणि सुरत शहरात आम्ही अ‍ॅपवरची टॅक्सी घेतो. पहिल्यांदा मला त्याचं फार अप्रूप वाटलं. गाडी येण्याआधी तिचा नंबर कळतो, चालकाचा फोटो दिसतो, भाडं ठरलेलं असतं. ओटीपी सांगितल्याशिवाय फेरी सुरू होत नाही. पुण्यात नोकरी करणाऱ्या माझ्या मुलीला मी लिंक पाठवते आणि ती तिकडे बसून आमची गाडी कोणत्या रस्त्याने चाललीय ते पाहते. परक्या शहरात, हातात फायलींची पिशवी आणि खांद्यावर आईचं डोकं असताना, हा आधार लहान नाही. अ‍ॅपला नावं ठेवणाऱ्यांनी एकदा अशा स्थितीत अनोळखी चौकात उभं राहून पाहावं.

पण त्याच शहरात एका संध्याकाळी गाडीत बसल्याबसल्या चालक म्हणाला, "बेन, ट्रिप कॅन्सल कर दो, इतने ही पैसे में छोड़ दूँगा." त्याचं कमिशन वाचणार होतं, हे मला कळत होतं. कमिशन कापून हातात काय उरतं तेही त्याने सांगितलं आणि ते ऐकून वाईट वाटलं. तरी मी नाही म्हटलं. कारण फेरी रद्द झाली की त्या गाडीत आम्ही दोघी आहोत याची नोंद कुठेच उरत नाही. मुलीच्या फोनवरचा ठिपका थांबतो, भांडण झालं तर तक्रार ऐकणारं कोणी नाही, आणि अपघात झाला तर 'आमच्याकडे ही फेरीच नव्हती' असं म्हणायला कंपनी मोकळी. त्याने कुरकुर केली, पण नेऊन सोडलं. एकदा अ‍ॅपमधल्या फोटोतला माणूस वेगळा आणि स्टिअरिंगवरचा वेगळा निघाला. "भाऊची आयडी आहे," म्हणाला. आम्ही त्या गाडीत बसलो नाही.

घरात यावरून वाद होतात. मुलीचं म्हणणं, गाडी अ‍ॅपचीच हवी, कारण तिथे सगळं नोंदलेलं असतं. आईचं म्हणणं, ज्याचं घर आपल्याला ठाऊक आहे त्याच्याच गाडीत बसावं. मला दोघींचंही पटतं, आणि दोघींचंही पुरतं पटत नाही. 2007 च्या नोव्हेंबरात पुण्यात बीपीओत काम करणाऱ्या एका तरुणीचा रात्रपाळीला नेणाऱ्या गाडीच्या चालकाने आणि त्याच्या साथीदाराने बलात्कार करून खून केला. ती गाडी कुठून तरी आलेली परकी गाडी नव्हती, कंपनीनेच कंत्राटावर लावलेली होती. डिसेंबर 2014 मध्ये दिल्लीत उबरच्या टॅक्सीत एका तरुणीवर चालकाने बलात्कार केला. तिथे अ‍ॅप होतं, चालकाचं नाव नोंदलेलं होतं, पण त्याची पार्श्वभूमी नीट तपासलीच गेली नव्हती. त्यानंतर अ‍ॅपमध्ये आपत्कालीन बटण आलं. 1 जानेवारी 2019 पासून नव्याने नोंदणी होणाऱ्या प्रवासी टॅक्सी-बसगाड्यांना ठिकाण कळवणारं यंत्र आणि बटण सक्तीचं झालं. ही दोन्ही प्रकरणं मी मुलीला आणि आईला सांगितली आहेत, घाबरवण्यासाठी नव्हे. गाडी कंपनीची असो की अ‍ॅपची, चालकाला कोणी तपासलं हे विचारावंच लागतं, एवढ्यासाठी.

मात्र आमच्या वाटेवर मला ज्याची खरी धास्ती बसली ते या दोघींच्याही बोलण्यात कधी आलं नव्हतं.

पावसाळा नुकताच सरला होता. केमो संपायला दुपार उलटून गेली. औषधं, बिलं, पुढची तारीख यात संध्याकाळ झाली. काकांना गावात लग्न होतं म्हणून त्यांनी आपली गाडी देऊन एका मुलाला पाठवलं होतं. "चांगला आहे पोरगा, आपल्यातलाच आहे," असं ते फोनवर म्हणाले होते आणि ते खरंच होतं. विशी-बाविशीचा, अबोल, आदबशीर. आईला मागच्या सीटवर उशी लावून नीट बसवलं त्याने. बारडोली, व्यारा सरळ गेलं. सोनगड सोडल्यावर रस्ता जंगलातून चढउतार करू लागला, तशी त्याने काच खाली केली. मग गाण्याचा आवाज वाढवला. मग मान चोळली. मी शेजारच्या सीटवर होते. समोरून ट्रकचे दिवे आले की तो डोळे मोठे करी, आणि ट्रक निघून गेला की त्याची हनुवटी हळूच खाली येई. एकदा डावं चाक डांबर सोडून खडीवर उतरलं, तो दचकला आणि गाडी परत वर घेतली.

"दादा, झोप येतेय का?"

"नाही मॅडम. सवय आहे."

मागून आईचा क्षीण आवाज आला. आई आजारी पडल्यापासून घरातही अहिराणीतच बोलते. "पोऱ्या, तुले झोप ई राह्यनी का?"

तिला मात्र त्याने खरं सांगितलं. आदल्या रात्री तो एक भाडं घेऊन नाशिकला गेला होता. माणसांना सोडून लगेच परत फिरला, पहाटे कोंडाईबारीचा घाट उतरला, घरी येऊन आंघोळ केली आणि काकांची गाडी घेऊन सरळ आमच्या दारात उभा राहिला. दवाखान्याच्या आवारात आम्ही दिवसभर आत असताना हा गाडीत पडून होता, पण ऊन, उकाडा, आणि दर थोड्या वेळाने गाडी हलवायला सांगणारा वॉचमन. डोळा लागलाच नव्हता.

कोंडाईबारी म्हटल्यावर माझ्या पोटात खड्डा पडला. विसरवाडीहून साक्रीकडे जाताना लागणारा हा घाट आम्हाला नवा नाही. 21 ऑक्टोबर 2020 ला पहाटेच्या अंधारात मलकापूरहून सुरतेला जाणारी एक खासगी बस त्या घाटातल्या पुलावरून खाली कोसळली. पाच माणसं गेली, तीसहून अधिक जखमी झाली. हा मुलगा त्याच घाटातून, तशाच वेळी, एकटा, न झोपता आला होता. आणि आज रात्री आमच्यासोबत होता.

ताशी 80 च्या वेगात गाडी एका सेकंदात बावीस मीटर पुढे जाते. चार सेकंदांची डुलकी लागली तर जवळपास नव्वद मीटर गाडी कोणीही चालवत नसतं. असली डुलकी लागून गेल्याचं माणसाला स्वतःला कळतही नाही, म्हणून "सवय आहे" हे त्याचं म्हणणं खोटेपणाचं नव्हतं. त्याला खरंच तसं वाटत होतं.

नवापूरच्या अलीकडे एक मोठं हॉटेल लागतं, ट्रकवाले थांबतात तिथे. मी गाडी वळवायला लावली. तो ओशाळला. "काका रागावतील, उशीर झाला तर." मी काकांना त्याच्यासमोर फोन लावला आणि सांगितलं की आम्हाला उशीर चालेल, याला झोपू द्या. काका क्षणभर गप्प झाले, मग म्हणाले, "मला त्याने नाशिकचं सांगितलंच नाही ताई." मुलाने सांगितलं नव्हतं, कारण सांगितलं असतं तर आजचं भाडं गेलं असतं. हॉटेलवाल्याने बाहेरची खाट दिली. मुलगा पडल्यापडल्या झोपला. आई गाडीत, मी तिच्याजवळ. तिला उलट्या होत होत्या आणि मधेच ती विचारी, "उठना का तो?" मी नाही म्हटलं की म्हणे, "झोपू दे." तास-दीड तासाने तो स्वतःच उठला, नळावर तोंड धुतलं, चहा घेतला. मग विसरवाडीपर्यंतची वाट त्याने इतकी शांतपणे काढली की आईलाही डोळा लागला.

त्या रात्रीनंतर मी यातले नियम शोधून वाचले. 1961 च्या मोटार परिवहन कामगार कायद्याने चालकाला दिवसाला आठ आणि आठवड्याला अठ्ठेचाळीस तासांची मर्यादा घातली, पण तो कायदा पाच किंवा अधिक कामगार असतील अशा ठिकाणांसाठी होता. एक गाडी आणि गरजेपुरता बोलावलेला एक मुलगा, हे त्यात कुठे बसणार? अ‍ॅपच्या कंपन्यांसाठी केंद्राने नोव्हेंबर 2020 मध्ये मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यात चालकाने दिवसात बारा तासांहून जास्त लॉग-इन राहू नये आणि मग दहा तास विश्रांती घ्यावी, असं लिहिलं होतं. चांगलं होतं. पण दोन फोनवर दोन अ‍ॅप ठेवणारे चालक मी सुरतेत पाहिले आहेत. गाडीचा हप्ता, गॅस, कमिशन यातून घर चालवायचं तर बारा तासांत भागत नाही, हे त्यांच्याच तोंडून ऐकलं आहे. थकवा गावातही तोच आणि शहरातही तोच, फक्त शहरात तो निदान कुठल्यातरी कागदावर मोजायचा ठरला आहे.

आमच्याकडे आणखी एक गोष्ट सर्रास चालते, पांढऱ्या नंबरप्लेटची गाडी भाड्याने देणं. टॅक्सी परवान्याच्या गाडीला पिवळी पाटी असते. खासगी गाडीला पांढरी, आणि ती घरच्या वापरासाठी. पांढऱ्या पाटीची गाडी स्वस्तात मिळते, कारण तिला परमिट, प्रवासी कर, दरवर्षी-दोन वर्षांनी पासिंग यातलं काही नसतं. पण तिचा विमा भाड्याच्या वापराला लागू नसतो. अपघात झाला की विमा कंपनी हात वर करायला बघते, आणि जखमींच्या घरच्यांना भरपाईसाठी कोर्टाच्या पायऱ्या झिजवाव्या लागतात. शेजारचे भाऊ मला म्हणतात, "ताई, आपलीच माणसं आहेत, विम्याचं काय घेऊन बसलात?" मला त्यांचं हे बोलणं अजिबात मान्य नाही. आपलीच माणसं आहेत म्हणूनच विम्याचं विचारायचं. गाडीवाल्यावर केस टाकायची वेळ आली तर ती आपल्याच माणसावर टाकावी लागणार आहे, आणि त्याचं घरही गाडीबरोबर जाणार आहे.

आता आमच्या घरात गाडी ठरवण्याची रीत बदलली आहे. काकांना मी आधी विचारते, गाडी कोण आणणार आहे आणि तो आदल्या रात्री कुठे होता. काकांना सुरुवातीला हे खटकलं, वीस वर्षांच्या संबंधात अविश्वास शिरल्यासारखं वाटलं असावं. मग त्यांनीच दुसऱ्या गिऱ्हाइकांच्या वेळी पोराला हे विचारायला सुरुवात केली. दवाखान्याजवळच्या धर्मशाळेत चालकासाठी एक खाट आम्ही घेतो. तिचं भाडं आणि त्याचं जेवण आमच्या खर्चात. उशीर होणार असेल तर रात्रीच निघायचा हट्ट धरत नाही, सकाळी निघतो. मागच्या सीटवर आईला पट्टा लावतो. तो पोटाला काचतो म्हणून ती आधी चिडायची, तर मुलीने तिला पालघरजवळ सप्टेंबर 2022 मध्ये झालेल्या उद्योगपती सायरस मिस्त्रींच्या जीवघेण्या अपघाताचं सांगितलं. एवढी भारी गाडी, मागे बसलेले, पट्टा नाही. तेव्हापासून आई स्वतः पट्टा ओढते. मुलीला मी गाडीचा नंबर आणि निघाल्याची वेळ पाठवते, आणि नवापूर आलं की एक फोन. सोनगडच्या पुढे रेंज जाते येते, म्हणून नुसत्या लिंकवर भागत नाही.

मी शिकवते त्या शाळेतल्या पालकसभेत मी हा विषय काढला होता. ऊसतोडीला, बांधकामाला गुजरातेत जाणाऱ्या मजुरांच्या गाड्या याच रस्त्याने रात्री जातात, क्रूझरमध्ये दाटीवाटीने, आणि चालकाला झोपलास का असं विचारण्याइतका आवाज त्यातल्या एकाही माणसाला नसतो. मुकादमाने ठरवलेली गाडी, मुकादमाने ठरवलेली वेळ. एक बाप उठून म्हणाला, "मॅडम, आम्ही विचारलं तर तो म्हणतो, उतर खाली." त्यावर माझ्याकडे तेव्हा उत्तर नव्हतं. मजूर न्यायच्या हंगामात पोलिसांनी रात्री महामार्गावर अशा गाड्या थांबवून चालकाची विचारपूस करावी, अशी मागणी करणारा अर्ज आम्ही काही शिक्षकांनी मिळून पोलीस ठाण्यासाठी लिहिला आहे. दिवाळीनंतर गाड्या सुटायला लागतील, त्याच्या आधी तो अर्ज द्यायचा आहे. आणि आईची पुढची तारीख सोमवारी आहे. गाडी तोच मुलगा घेऊन येणार आहे. रविवारी रात्री त्याने दुसरं भाडं घेऊ नये म्हणून त्याला एका रात्रीचे पैसे आम्ही आधीच दिले आहेत.