कमी आंकड्याचा आनंद

आमचे थोरले बंधु आठवड्यांतून दोनदां इंदापुराहून बारामतीस जातात. मोरोपंतांच्या या गांवीं जाण्यास पूर्वीं आम्हांस काव्यगत कारण असे. आतां तें निराळें आहे. मूत्रपिंडांनीं हात टेकल्यापासून अण्णांचें रक्त तेथें चार चार तास यंत्रांतून फिरतें, व आम्ही बाहेरच्या बांकावर बसून असतों. वाटेंत दुतर्फा उंसाचे मळे लागतात. पाण्याची एवढी चंगळ असलेल्या मुलखांत अण्णांस मात्र पाणी मोजून प्यावें लागतें!

गेल्या आश्विनांत डॉक्टरांनीं त्यांच्या कोलेस्टेरॉलच्या निरनिराळ्या प्रकारांची तपासणी सांगितली. रक्त यंत्र सुरू होण्यापूर्वींच काढलें. कारण रक्त गोठूं नये म्हणून देतात त्या हेपॅरिननें रक्तांतील चरबीचे आंकडे बदलतात. कागद हातीं आला : एकूण १४२, एच. डी. एल. २९, ट्रायग्लिसराइड २३८. एल. डी. एल. प्रत्यक्ष मोजलेलें नव्हतें. एकुणांतून एच. डी. एल. व ट्रायग्लिसराइडचा पांचवा हिस्सा वजा करावयाचा, हें फ्रीडेवाल्डचें १९७२ सालचें गणित. त्यानें ६५ येतें. (ट्रायग्लिसराइड चारशेंवर गेलें कीं हें गणित लंगडें पडतें.) 'वाईट' म्हणतात तें शंभराच्या आंत! आम्हांस हर्ष झाला. वर्षभर तूप, अंडीं, भिगवणची मासळी हीं अण्णांच्या ताटांतून आम्हींच काढविलीं होतीं.

डॉक्टर हंसले नाहींत. त्यांनीं वजनाची वही पुढें ओढली. वर्षांत सात किलो उतरलें होतें. सदरा सैल झालेला आम्ही पाहात होतों, पण अंगांतील पाणी निघालें असेल अशी आमची समजूत! ट्रायग्लिसराइड चढलेलें, एच. डी. एल. उतरलेलें व एल. डी. एल. बेताचें, हें डायालिसिसवरील रोग्यांत नेहमींचेंच. परंतु एकूण आंकडा फार कमी असलेलेच त्यांच्यांत पुष्कळदां आधीं जातात. तो कमीपणा उपासमारीचा किंवा शरीरांतील दाहाचा असतो. जर्मनींत १२५५ मधुमेही डायालिसिस-रोग्यांवर कोलेस्टेरॉल उतरविणारें औषध तपासलें, त्याचा निकाल २००५ सालीं आला : आंकडा उतरला, हृदयविकारानें होणाऱ्या मृत्यूंत म्हणण्यासारखा फरक पडला नाहीं.

"तुझ्या पथ्यानें मी जाणार कीं किडनीनें, तेवढें विचारून घे," अण्णा खाटेवरून म्हणाले.

वहिनींस हें सांगण्याचें काम आमच्याकडे आलें. त्या कांहीं बोलल्या नाहींत. दोन अंडीं उकडत ठेवलीं, आणि तो कागद आमच्या हातांतून घेऊन पिठाच्या डब्याखालीं सारला.