खोड्या केव्हा करतो?

चि. छोटी हिस,
अनेक आशीर्वाद.

पत्र मिळालं. सहावीतला तो मुलगा बाक वाजवतो, पुढच्या मुलीची वेणी ओढतो, तू रागावलीस की सगळ्या वर्गाला हसवतो. 'एक ठेवून द्यावीशी वाटते' म्हणतेस. वाटणारच. पण 2009च्या शिक्षण हक्क कायद्याचं कलम 17 शारीरिक शिक्षेइतकीच मानसिक छळालाही मनाई करतं. छडी नाही, आणि 'बापाच्या वळणावर गेलास' हेही नाही. छडी आपण सोडली. टोमणे अजून सुटलेले नाहीत. कलम 16 प्रमाणे आठवीपर्यंत त्याला शाळेतून काढताही येत नाही. तेव्हा तो तुझ्याच वर्गात बसणार.

तो काय करतो ते तू दोन पानं लिहिलंस, केव्हा करतो ते एका ओळीतही नाही. आठवडाभर वेळा टिपून ठेव. माझा अंदाज, प्रकट वाचनाची पाळी जवळ आली की त्याचं सुरू होत असेल. बीडकडची तुझी शाळा. दिवाळीनंतर अर्धं गाव ऊसतोडीला जातं. आईबाप गेले की हा गावातच हंगामी वसतिगृहात राहत होता, की त्यांच्याबरोबर कोपीवर, ऊसतोडीच्या झोपडीत, जात होता, विचार. कोपीवर गेला असेल तर दरवर्षीचे चार-पाच महिने बुडाले. मग चारचौघांत अडखळण्यापेक्षा वात्रट ठरलेलं त्याला परवडतं. हिशेब चुकीचा नाही त्याचा.

उद्या वाचायला देणार तो परिच्छेद आजच मधल्या सुट्टीत त्याच्याकडून दोनदा वाचून घे, आणि उद्या तेवढाच वाचायला लाव. शाळेत आरोग्य पथक आलं की त्याचे डोळे आणि कानही नीट तपासायला सांग. बोलायचं असेल तर त्याच्या बाकाशी जाऊन हळू बोल. फळ्यापाशी उभं राहून ओरडलीस की त्याला प्रेक्षक मिळतात. जागा बदलायची तर त्याची बदल, त्या मुलीची नको. 'मॉनिटर करा, सुधारेल' असं स्टाफरूममध्ये कुणीतरी सांगेलच. मला ते कधीच पटलं नाही. बाकीच्या पोरांनी काय पाप केलंय?

घरी तक्रार धाडण्याची घाई करू नकोस. तू न मारलेला मार तो घरी खाईल. आधी एखादी चांगली गोष्ट कळव, तक्रार नंतर.

वेळा टिपलेलं पान पुढच्या पत्रासोबत पाठव.

तुझी,
मावशी